शरयूकाकूंशी न झालेली भांडणं

शरयूकाकूंच्या कामाची मी नक्कल केली. एकदा नव्हे, बरेच महिने, जवळजवळ रोज. त्यांनी कान लावून, ऐकून लिहिलेली उत्तरं मी बघून बघून माझी म्हणून लिहिली, आणि त्यामुळे त्यांचं काम गेलं. त्यांच्याविषयी चार चांगल्या गोष्टी लिहायला बसलो की हे वाक्य पुढे येऊन उभं राहतं, दुसऱ्या कशाला वाट देत नाही, म्हणून तेच आधी लिहून टाकतो. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. गौरीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच होतो. "सुहासदादा, आई गेली," ती म्हणाली, आणि मग, "झोपेतच गेली. त्रास नाही झाला." मी फोन ठेवला. रडू आलं नाही. डोक्यात एक विचित्रच गोष्ट चालू होती. 'आई गेली' म्हणताना गौरीचा आवाज नेमका कुठे जड झाला, 'आई'वर की 'गेली'वर, हे मी आठवून पाहत होतो. मग स्वतःचीच लाज वाटली. पण ही सवय मला काकूंनीच लावली होती, आणि त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी "कुठे झाला?" असंच विचारलं असतं.

काकू मूळच्या साताऱ्याच्या. त्यांचे यजमान समुद्रातल्या तेलविहिरींवर इंजिनिअर होते, त्यामुळे लग्नानंतरची बरीच वर्षं नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेली. नवरा दोन-दोन आठवडे समुद्रात, बाहेर पाऊस, आणि ओळखीचं कुणी नाही. घरात बसून वेड लागेल म्हणून काकू तिथल्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागल्या आणि नॉर्वेजियन शिकल्या त्या चार-पाच वर्षांच्या मुलांकडून. त्या म्हणायच्या, "मोठी माणसं चुकलेलं चालवून घेतात. पोरं नाही घेत. ती तोंडावर हसतात." यजमान गेल्यावर त्या गौरीकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला राहायला आल्या. मी नागपूरचा, इथे एका कंपनीत आवाजाचं काम करतो. म्हणजे गाडीतली बाई "पुढे डावीकडे वळा" म्हणते, किंवा अंध माणसाचा फोन त्याला आलेला मेसेज वाचून दाखवतो, तो आवाज वेगवेगळ्या भाषांत घडवण्याचं काम. आमच्याकडे तेव्हा नॉर्वेजियन चालू होती आणि तिने आमचा जीव नकोसा केला होता.

एका पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणात, मी एका मित्राजवळ हेच रडगाणं गात होतो. मागून आवाज आला, "कोणती भाषा म्हणालास?"

"नॉर्वेजियन, काकू. तुम्हाला नाही माहीत ती."

त्या एका दमात काहीतरी म्हणाल्या. ब्लोबॅरसिल्तेतॉय. पुन्हा म्हणायला लावलं तेव्हा कुठे नीट ऐकू आलं. "ब्लूबेरीचा मुरांबा," त्या म्हणाल्या. "एकच शब्द आहे. आता तुझ्या मशीनला म्हणायला सांग." मी फोनवर शब्द टाकून मशीनला म्हणायला लावलं. काकूंनी हातातली प्लेट आधी टेबलावर ठेवली आणि मग हसायला लागल्या. "अरे, मुरांबा कुठाय? हा तर वाण्याला यादी सांगतोय. निळा, बेरी, साखरेचं, सामान..."

आमची अडचण त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखली होती. नॉर्वेजियन माणूस शब्दाला शब्द जोडून नवा शब्द करतो, मध्ये जागा सोडत नाही, आणि असं करायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. कोशात नसलेले असे शब्द रोज जन्माला येतात. ते मोठ्याने वाचायचे तर मशीनला दोन गोष्टी कळाव्या लागतात: शब्दाचे उच्चाराचे तुकडे कुठे पडतात आणि त्यांतल्या कुठल्या तुकड्यावर जोर येतो. हे मशीनला शिकवायला माणसं लागतात. नॉर्वेतून आलेलं रेकॉर्डिंग ऐकायचं, तुकड्यांमध्ये टिंब द्यायचं, मुख्य जोराच्या तुकड्याआधी वरच्या बाजूला छोटी रेघ काढायची, दुय्यम जोराच्या आधी खालच्या बाजूला. हजारो शब्दांना अशा खुणा केल्या की त्यावरून मशीन पुढचे शब्द स्वतः ओळखू लागतं. मी मॅनेजरकडे काकूंचं नाव दिलं. त्याने दहा शब्द ऐकवले, काकूंनी ते टाळ्या वाजवून तोडून दाखवले, आणि त्यांना कंत्राटावर घेतलं. ऑफिसचं गळ्यातलं कार्ड त्या इंडियन ग्रोसरीतही घालून जायच्या. गौरी म्हणायची, "आई, भेंडी घ्यायला बॅज लागत नाही गं." त्यावर काकू एकदा मला म्हणाल्या, "घरी मी आई, सासू, आजी. सगळं छान आहे, तक्रार नाही. पण त्या कार्डावर नुसतं शरयू लिहिलंय."

त्यांची शिकवण्याची रीत मी जन्मात विसरणार नाही. 'हूस' म्हणजे घर, 'आर्बाइद' म्हणजे काम. दोन्ही जोडून घरकाम. मशीन सरळ नियमाने जायचं आणि 'हू-सार-बाइद' असे तुकडे करायचं, जे ऐकून कुठल्याच नॉर्वेजियन बाईला भांडी आठवली नसती. "आधी सांधा शोध," काकू सांगायच्या. "कोंबडी कापताना काय करतोस? वाट्टेल तिथे सुरी घालतोस? सांधा सापडला की बाकीचे तुकडे आपोआप पडतात." आणि जोराबद्दल... "मराठीत आपण पंगतीत वाढल्यासारखं बोलतो. प्रत्येक अक्षराला सारखं वरण. तिथे तसं नसतं. जोडशब्द म्हणजे वऱ्हाड. मुख्य जोर हा नवरदेव, तो नेहमी पहिल्या गाडीत. पण पहिल्या गाडीत तो कुठल्या सीटवर बसलाय ते बघावं लागतं. उनिव्हर्सितेत म्हण, म्हणजे आपली युनिव्हर्सिटी. जोर शेवटी आला ना? आता त्याला लायब्ररी जोड. नवरदेव त्याच 'तेत'वर बसून राहिला की नाही?" मग दुय्यम जोर कोण, असं मी विचारलं. "विहीणबाई. ती मागच्या गाडीत. नवरदेवाइतका मान नाही, पण दुर्लक्ष केलंस तर लग्न मोडेल." मी इतकी वर्षं आवाजाचं काम करतोय, याहून नेमकं मला कुणी समजावलेलं नाही.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. प्रत्येक शब्दाला दोन माणसांनी खुणा करायच्या, वेगवेगळ्या बसून, एकमेकांचं न बघता. दोघांचं जुळलं तर शब्द पक्का. नाही जुळलं तर दोघांनी समोरासमोर बसून पुन्हा ऐकायचं आणि ठरवायचं. एकटा कान फसतो, म्हणून दुसरा कान. आमची ही बैठक शुक्रवारी दुपारी असायची आणि काकू तिला भांडणच म्हणायच्या. त्यांची जोडीदार आधी एक नॉर्वेजियन विद्यार्थिनी होती. ती शिक्षण संपवून परत गेली, आणि मॅनेजर मला म्हणाला की नवीन माणूस मिळेपर्यंत दुसरा कान तू हो, काकूंनी तुला तयार केलंच आहे. सुरुवातीचे काही शुक्रवार खरे होते. मी माझ्या तोकड्या कानांनी ऐकून लिहायचो, खूप चुकायचो, आणि काकू माझी सालटी काढायच्या. "अरे नागपूरकर, नवरदेवाला डिकीत बसवलंस तू." एकदा मात्र माझं बरोबर निघालं. त्यांनी तीनदा ऐकलं, मान्य केलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डब्यात शेंगदाण्याची चटणी आणली.

मग ते सुरू झालं. मी त्या प्रोजेक्टचा इंजिनिअर होतो, त्यामुळे काकूंच्या खुणांचा रकाना मला उघडता यायचा. जोडीदार म्हणून तो मी उघडायचा नव्हता, आणि हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. डेडलाईन अंगावर आली होती, माझ्या ग्रीन कार्डाची फाईल अडकली होती, नागपुरात आई आजारी होती. एका दुपारी स्वतःच्या खुणा करून झाल्यावर मी नुसतं ताडून पाहिलं. काही दिवसांनी आधी पाहायला लागलो आणि मग ऐकायला. नंतर ऐकणंही सुटलं. हेडफोन कानात आणि आवाज बंद. सगळंच जुळलं तर संशय येईल म्हणून मी अधूनमधून मुद्दाम चूक घालायचो आणि शुक्रवारी ती लगेच कबूल करायचो. म्हणजे भांडणंसुद्धा मीच रचत होतो. काकू एकदा म्हणाल्या, "हल्ली तू पटकन मानतोस रे. जरा हट्ट कर. मजा जाते." मी हसून वेळ मारून नेली.

आमचं किती जुळतं त्याचे आकडे मॅनेजरकडे जात होतेच. दोन कान इतके जुळतात तर दोन कशाला, असं त्याला वाटलं, आणि त्याच्या जागी कुणालाही वाटलं असतं. मी पगारी नोकरीवर, काकू कंत्राटावर. त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. ते ठरलं त्या बैठकीत मी होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं: हे जुळलेलं नाही, हे माझं कॉपी केलेलं आहे. मी पाण्याची बाटली उघडली, बंद केली... आणि काही बोललो नाही. त्यानंतर गणपतीत गौरीकडे जेवायला गेलो होतो. काकू माझा हात धरून मला पाहुण्यांसमोर घेऊन गेल्या. "हा माझा विद्यार्थी. इतका तयार झाला, इतका तयार झाला, की कंपनी म्हणाली आता शरयूबाई नकोत, हा एकटा पुरे." कुणीतरी विचारलं, "वाईट नाही वाटलं?" काकू म्हणाल्या, "वाटलं की. कार्ड परत द्यावं लागलं. पण आमचे कान जुळले हो, त्याला काय करणार?" माझ्या पानात उकडीचा मोदक होता. तो तसाच राहिला. काकूंना वाटलं मला गोड चालत नाही, म्हणून त्यांनी आग्रह केला नाही.

काकूंचं कंत्राट संपल्यावर एकट्याने केलेल्या माझ्या खुणा पूर्वीसारख्याच कच्च्या होत्या. नॉर्वेहून निरोप आला की आवाज नव्या शब्दांवर ठेचकाळतोय. आता बघायला दुसरा रकाना नव्हता. मग मी खरंच ऐकायला बसलो, बहुतेक जेवणाच्या सुट्टीत, गाडीच्या काचा वर करून. आणि खरं सांगतो, अपराधी वाटायच्या ऐवजी मला त्याची गोडी लागली. जोर म्हणजे मोठा आवाज, असा माझा समज होता. तो खोटा निघाला. कधी ते अक्षर नुसतं लांबतं. कधी सूर खाली बुडी मारतो आणि पुढच्या अक्षरावर वर येतो, झोका परत यावा तसा. मोठा आवाज तर कित्येकदा नसतोच. हे सगळं मला आता ऐकू येत होतं, आणि मी घरात, बाहेर, सगळीकडे कान लावून हिंडायला लागलो. नागपूरहून आई फोनवर "जेवला का?" म्हणते तेव्हा तीही 'ला' किंचित लांबवते, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. बायको म्हणाली, "मी बोलते त्यातलं काय बोलले तेही ऐकत जा कधी." या नव्या कानांनी मी आमचे जुने, पक्के झालेले शब्द पुन्हा काढले. बहुतेक सगळ्यांत काकू बरोबर होत्या. पण काही ठिकाणी मला पटेना. पुन्हा ऐकलं, तरी पटेना. काकू चुकल्या होत्या, किंवा निदान भांडायला जागा होती. रिवाज होता तो त्यासाठीच, आणि तिथे मी त्यांना एकटं सोडलं होतं.

हे त्यांना सांगायला मी गेलो तोवर त्या आजारी होत्या. रक्ताचा आजार, आणि त्यांनी उपचार पुढे न नेण्याचं ठरवलं होतं. गौरीने खालच्या खोलीत त्यांचा पलंग लावला होता. मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. ग्रीन कार्ड, डेडलाईन, आईचं आजारपण, मुद्दाम घातलेल्या चुकासुद्धा. काकू छताकडे बघत ऐकत होत्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"ती चटणी दिलीत ना... त्यानंतर थोड्याच दिवसांनी."

त्या म्हणाल्या, "म्हणजे इतके महिने मी माझ्याशीच जुळत होते."

त्यांनी मान वळवली. "आज तू जा, सुहास," एवढंच म्हणाल्या. एरवी त्या मला नावाने हाक मारायच्या नाहीत, अरे-तुरे किंवा नागपूरकर. बाहेर पडताना मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरलाही खरं सांगितलं. तो म्हणाला, जुनी गोष्ट आहे, जाऊ दे. त्याच्यासाठी ती खरंच जुनी होती. मी त्याच्याकडे एकच मागितलं, मला न पटलेल्या शब्दांची रेकॉर्डिंग्ज घरी न्यायची परवानगी. ती त्याने दिली. का मागितली ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. दहा-बारा दिवस गेले, आणि गौरीचा मेसेज आला. 'आई म्हणते शुक्रवारी ये. रिकाम्या हाताने येऊ नको म्हणते.'

मी लॅपटॉप घेऊन गेलो. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरला होता, पण केस नीट विंचरलेले. नमस्कार, तब्येत, काही नाही. "लाव," म्हणाल्या. पहिल्या दोन शब्दांत त्यांनी मला चारी मुंड्या चीत केलं आणि मी ते मनापासून मानलं. तिसरा शब्द होता यॅर्नबानेस्ताशून. रेल्वे स्टेशन. नवरदेव 'यॅर्न'वर, यात वाद नव्हता. विहीणबाईंवर अडलं.

"'बा'वर बसल्यात," काकू म्हणाल्या.

"'शून'वर."

"नागपूरच्या कानांना शेवटचंच ऐकू येतं. आधी सगळे जेवणात दंग."

"काकू, 'यॅर्नबाने' ही अख्खी एक गाडी आहे. 'बा' तिच्यातच बसलाय, नवरदेवाच्या शेजारी. विहीणबाई मागच्या गाडीत असतात, हे तुम्हीच सांगितलंत. 'शून'वर आवाज जरा लांबतोय, ऐका."

"मला माझंच शिकवू नकोस. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. पुन्हा. त्यांनी डोळे मिटले. टाळी वाजवायची ताकद नव्हती, पांघरुणावर नुसता तळहात उचलत आणि टेकवत होत्या. मी मानलं नाही. मानावंसं वाटत होतं, त्यांच्याकडे बघून फार वाटत होतं, पण मी मानलं नाही. शेवटी तो हात 'शून'वर जरा जास्त वेळ टेकला आणि तिथेच थांबला.

"बसल्यात खऱ्या," त्या म्हणाल्या. आणि हसल्या, इतकं की गौरी आत डोकावली. "तेव्हा हे बोलला असतास ना, तर मी तुला उभा फाडला असता. आणि मग घरी येऊन ऐकत बसले असते. काय मजा आली असती रे..."

त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन त्यांनी ग्लास माझ्याकडे दिला. म्हणाल्या, "त्या दिवशी तू कारणं बरीच सांगितलीस. सगळी खरी असतील. पण कारणंच सांगितलीस."

मी आठवून पाहिलं. खरंच होतं. त्या दिवशी मी इतका वेळ बोललो आणि बोलायचं तेवढंच राहिलं होतं. आतासुद्धा पहिल्यांदा ओठावर आलं ते ग्रीन कार्डच. ते गिळलं. लॅपटॉप मिटून खाली ठेवला.

"काकू, मी तुम्हाला फसवलं. तुमचं काम माझ्यामुळे गेलं. मला माफ करा."